नवं कार्ड कुणासाठी थांबतंय? घरच्या गेमिंग संगणकाच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी पूजेत या वर्षी संगणकाच्या कॅबिनेटलाही झेंडूची माळ होती. दुपारी जेवणं आटोपल्यावर जुनं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १०६०, काढलं आणि आरटीएक्स ४०६० बसवलं. बाकी यंत्र २०१९ मध्ये जोडलं तेच आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या (त्यातली दुसरी नंतर बसवलेली), ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर.

कार्डाचे पैसे धाकट्या भावाचे. अप्रेंटिसशिपच्या स्टायपेंडमधून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवून त्याने जमवले. कोणतं कार्ड घ्यायचं हे मात्र मी सांगितलं. त्यामुळे या नोंदी ठेवायची जबाबदारी माझी आहे असं मी धरून चालले आहे.

संध्याकाळचे आकडे, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स (चित्रं) मिळतात ते. सायबरपंक २०७७ हा खेळ, १०८०पी. जुन्या कार्डावर चित्राच्या प्रतीचं सगळं लो ठेवून खेळातल्या जपानटाउनच्या बाजारात सरासरी ४४ फ्रेम्स मिळायच्या. नव्या कार्डावर सगळं हाय ठेवलं तर ५१. चित्र कितीतरी सुंदर दिसतंय, पण चालताना तेच हिसके. मग लोवर आणून बघितलं, तरी ५५ च्या पुढे जाईना. व्हॅलोरंट हा दुसरा खेळ आधी १६५ च्या आसपास चालायचा, आता १६८. तीन फ्रेम्सचा फरक म्हणजे मोजमापातला हेलकावा, बाकी काही नाही.

धाकटा खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, कार्ड खराब तर नाही ना आलं?"

त्याला म्हटलं, आठवडाभर थांब. बदलून आणायची मुदत आहे, पण आधी नीट मोजू या.

रविवार, १३ ऑक्टोबर

मोजायची पद्धत ठरवली. ऑफिसात टेस्टिंगचं काम करते तेव्हा पहिला नियम हाच असतो की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

जागा: जपानटाउनचा तोच बाजार, चेरी ब्लॉसम मार्केट, एकच सेव्ह, खेळातली दुपार, ठरलेल्या दुकानापासून जिन्यापर्यंत चालत ६० सेकंद. तीन फेऱ्या, पहिली सोडून द्यायची, उरलेल्या दोनची सरासरी घ्यायची. दोन आकडे लिहायचे: सरासरी आणि १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग. हिसका जाणवतो तो या दुसऱ्या आकड्यात. पडद्यावर आकडे दाखवायला आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर, नोंद ठेवायला कॅपफ्रेमएक्स, तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो.

सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या साधनाने कार्डाचा जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, नवा टाकला. फरक नाही.

पायाभूत आकडे: सरासरी ५१, १ टक्का लो ३१. कार्डाचा वापर ५५ ते ६० टक्के. प्रोसेसरचा वापर ५८ टक्के.

हे शेवटचे दोन आकडे मी बराच वेळ बघत बसले. कार्ड अर्धवट मोकळं, प्रोसेसरही अर्धवट मोकळा. मग अडलंय कुठे?

सोपे संशयित आजच निकालात काढले. पॉवर सप्लाय नाही, कारण १०६० ला १२० वॉट लागायचे, ४०६० ला ११५ लागतात. पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेची, शंका जरा खरी होती. ४०६० ला आठच लेन आहेत आणि आमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, चौथ्याचा नाही, म्हणजे वाट निम्मी. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये आधी पिढी १.१ दिसली आणि धाकटा घाबरला. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला स्वतःहून खाली उतरतं, ताण दिला की वर येतं. त्यातलीच चाचणी लावली तर एक्स८ ३.० (आठ लेन, तिसरी पिढी) दिसलं, म्हणजे जे मिळायला हवं तेच. ही अरुंद वाट खरी नडते ती कार्डाची ८ जीबी मेमरी भरून सामान रॅममध्ये सांडायला लागलं की. आमचा वापर साडेसहा जीबीच्या आसपास आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट, त्यात खोलीला पश्चिमेची भिंत. तापमान बघणं भागच होतं. वीस मिनिटं खेळल्यावर प्रोसेसर ८३ अंशांवर स्थिर, वेग ३.७ गिगाहर्ट्झच्या खाली एकदाही आला नाही. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. ब्रशने धूळ काढली, ७९ वर आलं. फ्रेम्स तेवढ्याच. उष्णता नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज ती चाचणी केली जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

१०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल. ७२०पी म्हणजे ९.२ लाख. रंगवायचं काम निम्म्याहून कमी झालं, तर कार्ड अडवत असल्यास फ्रेम्स उसळी मारणारच. हायवरच ठेवून ७२०पी केलं: सरासरी ५३.

मग उलट. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डीएसआर (पडद्यापेक्षा मोठं चित्र रंगवून घेणारं सेटिंग) १.७८ पट लावून खेळ १४४०पीवर चालवला, म्हणजे ३६.९ लाख पिक्सेल. सरासरी ४९, आणि कार्डाचा वापर पहिल्यांदाच ९० च्या वर.

काम चौपट झालं आणि फ्रेम्स चारनेच घटल्या. कार्ड ठणठणीत आहे. गच्चीवर दूध आटत होतं, तिथे जाऊन धाकट्याला हे सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री केली आणि मग पेला उचलला. मलाही त्या क्षणी फार हलकं वाटलं.

कार्ड परत द्यायचं नाही. आता शोध प्रोसेसरच्या बाजूला: प्रोसेसर, रॅम आणि त्यांच्यामधली वाट.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद. घरून काम, लॅपटॉपची बॅटरी मीटिंगसाठी राखून ठेवलेली. हाताशी बोर्डाची छापील पुस्तिका होती, ती खिडकीशी बसून वाचली.

रॅमच्या पानावर चार खाचांची आकृती आहे. दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, असं स्पष्ट लिहिलंय. कॅबिनेटची बाजू उघडली. आमच्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत.

२०१९ मध्ये एकच पट्टी घेतली होती. दुसरी २०२१ मध्ये एका दुकानातून बसवून आणली. तेव्हापासून, तीन वर्षं, दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलवर आहेत. रस्ता दोन पदरी असताना सगळी वाहतूक एकाच पदरातून. टास्क मॅनेजर फक्त 'चारपैकी दोन खाचा वापरात' एवढंच दाखवतो, त्या कोणत्या हे सांगत नाही, म्हणून कधी लक्षात आलं नाही. १०६० असेपर्यंत कार्डच सगळ्यात संथ होतं, त्यामुळे हा दोष त्याच्या आड झाकला गेला.

वीज आली तेव्हा रात्रीचे आठ. आज हात लावला नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पट्टी हलवली. खाचेची क्लिप सोडवताना टिक असा बारीक आवाज येतो, आणि बसवताना तोच आवाज दोन्ही टोकांना येईपर्यंत अंगठ्याने दाबावं लागतं. आमच्या खाचेत तीन वर्षांची धूळ होती, आधी ती फुंकणीने काढली. तोंडाने फुंकलं तर ओलसरपणा जातो, ते टाळावं.

सीपीयू-झेड या प्रोग्रामात: चॅनेल ड्युअल, म्हणजे दोन्ही पदर चालू. बाजारात सरासरी ५८, १ टक्का लो ३८. एक पैसा खर्च न करता.

त्याच पडद्यावर दुसरी गोष्ट दिसली. डीरॅम फ्रीक्वेन्सी १२००, म्हणजे डीडीआरच्या दुपटीच्या हिशेबात २४००. पट्ट्या ३२०० च्या आहेत. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी (पट्ट्या त्यांच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) बंद. कधीतरी बायोस रीसेट झालं असेल आणि पुन्हा चालू करायचं राहिलं असेल.

३२०० लावलं. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. तीनदा तसं झालं आणि बोर्ड स्वतःच जुन्या वेगावर परतला. २६०० साठी एएमडीने जाहीर केलेली मर्यादा २९३३ आहे, त्याच्या वरचं मिळालं तर नशीब. २९३३ वर पहिल्या फटक्यात चालू झालं. रात्री मेमटेस्ट लावून झोपले, सकाळी एकही चूक नाही. रॅमचा वेग बदलून ही तपासणी न करणं मला अजिबात पटत नाही. खेळ बंद पडला तर चालतो, पण चुकीची मेमरी हळूहळू फाइलीही खराब करते.

सरासरी ६२, १ टक्का लो ४२. व्हॅलोरंट १९३.

रविवार, २० ऑक्टोबर

आज पूर्ण दिवस दिला, आणि या सगळ्या प्रकारातला मला सगळ्यात आवडलेला भाग आजचाच.

प्रश्न तोच, पहिल्या दिवसापासूनचा. प्रोसेसर ५८ टक्केच वापरात असेल तर तो अडवतोय कसा? धाकट्याच्या मित्रांचंही म्हणणं तेच आहे, शंभर टक्के दिसत नाही तोवर प्रोसेसरचा दोष नाही.

२६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं चालवायच्या जागा. टास्क मॅनेजरचा आकडा या बाराही थ्रेडची सरासरी आहे. शंभराला बाराने भागलं की ८.३३. म्हणजे खेळातला एक थ्रेड (कामाची एक साखळी, तिलाही थ्रेडच म्हणतात) जिवाच्या आकांताने, एक क्षणही न थांबता पळत असला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८.३३ टक्के दिसणार.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सायबरपंकची थ्रेडयादी उघडली आणि बाजारात उभी राहिले. एक थ्रेड ८.० ते ८.३ वर, जवळजवळ हलतच नाही. दुसरा ७ च्या आसपास. बाकीचे ३, २, १. तो पहिला थ्रेड म्हणजे ज्याच्या हातात फ्रेमची सूत्रं आहेत तो. बाकीचे आपापलं काम आटपून त्याच्यासाठी थांबलेले, आणि त्याचं झाल्याशिवाय कार्डाला पुढचा आदेश जात नाही.

मग एकेका कोअरचा आलेख बघितला तरी एखादा शंभरावर चिकटलेला का दिसत नव्हता? कारण विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं. एचडब्ल्यूइन्फो मुळात दर दोन सेकंदांनी नोंद घेतं. तेवढ्या वेळात त्या थ्रेडने दोन-तीन जागा बदललेल्या असतात, आणि ताण सगळीकडे थोडा थोडा पसरलेला दिसतो. नोंदीचं अंतर अर्ध्या सेकंदावर आणलं तेव्हा शिखरं दिसायला लागली, कधी प्रोसेसरच्या चौथ्या थ्रेडवर, कधी नवव्यावर.

दुसरं मोजमाप प्रेझेंटमॉन या फ्रेम्स मोजणाऱ्या प्रोग्रामचं. इंटेलने २०२३ मध्ये त्यात 'जीपीयू बिझी' हा आकडा आणला. एक फ्रेम पडद्यावर यायला लागलेल्या एकूण वेळातला किती वेळ कार्ड खरोखर काम करत होतं, हे तो सांगतो. आमचे आकडे: फ्रेमचा एकूण वेळ १६.१ मिलिसेकंद, कार्डाचं काम ११.३ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ ५ मिलिसेकंद कार्ड नुसतं बसून.

आणि यातून एक गणित निघतं. कार्डाला कधी थांबावंच लागलं नाही, तर १००० भागिले ११.३, म्हणजे सुमारे ८८ फ्रेम्स. याच सेटिंगवर, याच बाजारात, या कार्डाची कमाल ८८. हा आकडा वहीत चौकट करून लिहिला. पुढे काहीही विकत घेतलं तरी त्याची परीक्षा याच आकड्यावर होणार.

२६०० च इतका का दमतो, याचंही कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) प्रत्येक गटाला वेगळी, ८-८ एमबी. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर ते इन्फिनिटी फॅब्रिक या आतल्या वाटेवरून मागवावं लागतं, आणि त्या फॅब्रिकचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला आहे. नुसत्या रॅमच्या दुरुस्तीने आम्हाला ११ फ्रेम्स का मिळाल्या, ते इथे उलगडतं.

रविवार, २७ ऑक्टोबर

आठवडाभर जमेल ते फुकटचे उपाय.

खेळात क्राउड डेन्सिटी हायवरून मीडियमवर: सरासरी ६७, १ टक्का लो ४७. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कुठे चालणार, कुणाला धडकणार, हे प्रोसेसर ठरवतो. कार्ड त्याला फक्त रंगवतं. म्हणून सावल्यांची प्रत किंवा टेक्श्चर कमी करून आम्हाला काहीच मिळत नव्हतं आणि गर्दी कमी केल्याबरोबर मिळालं. धाकटा मात्र खट्टू झाला. हा खेळ त्याला आवडतो तो त्या खचाखच शहरासाठीच.

डीएलएसएस (लहान चित्र रंगवून मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर लावून बघितलं, फरक शून्य. ते कार्डाचं काम हलकं करतं, आणि कार्ड आधीच रिकामं आहे. फ्रेम जनरेशन लावल्यावर आकडा १०० च्या पुढे गेला, कारण मधल्या फ्रेम्स कार्ड स्वतः बनवतं, प्रोसेसरला विचारत नाही. चित्र गुळगुळीत झालं, पण माउस जड. हाताला जाणवतो तो खालचा खरा वेगच. गाडी चालवताना ठीक, नेमबाजीत नको.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चकल्या. आई सोऱ्या फिरवतेय, मी तळतेय. कढई या वर्षी मोठी घेतली आहे, एका वेळी दहा-बारा चकल्या मावतात. तेल तापलेलं, झारा हातात, आणि मी पुढच्या चार चकल्या पडायची वाट बघत उभी. धाकटा पाट्याशी पीठ मळून गोळे करून बसलेला, तोही थांबलेला. तो एकदम म्हणाला, "ताई, हे तर आपलंच झालं." सोऱ्या एकच होता ना! तिघांपैकी दोघं रिकामे, सरासरी काढली तर घर निम्मंच कामात, आणि तरी चकल्या सोऱ्याच्याच वेगाने होणार. त्या ८.३३ टक्क्यांचं त्याला याहून चांगलं मी समजावू शकले नसते.

ठरलं: प्रोसेसर बदलायचा, आणि पैसे मी देणार.

बोर्डावरचं प्रोसेसरचं सॉकेट एएम४ असल्यामुळे पर्याय आहेत. रायझन ७ ५७००एक्स३डी मोहात पाडणारा, ९६ एमबी कॅश. पण चौकटीतला आकडा ८८ आहे. त्याच्या पलीकडे कार्डच जाऊ देणार नाही, आणि व्हॅलोरंटसाठी मॉनिटर १४४ चा. रायझन ५ ५६०० ची किंमत त्याच्या जवळपास निम्मी. सहाही कोअर एकाच गटात, ३२ एमबी कॅश सगळ्यांना सामाईक, वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि खपत २६०० इतकीच, ६५ वॉट. ५६०० पक्का.

मंगळवार, २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ऑफिसातून येताना पुण्याच्या तपकीर गल्लीतून प्रोसेसर आणला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईने डबा देवापुढे ठेवला आहे.

शनिवार, २ नोव्हेंबर, पाडवा

क्रम महत्त्वाचा: आधी बायोस, मग प्रोसेसर. जुन्या बायोसला ५६०० ओळखू येत नाही, आणि नवा प्रोसेसर बसवून मग बायोस बदलू म्हटलं तर पडदाच चालू होत नाही. म्हणून २६०० बसलेला असतानाच एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून अद्ययावत केलं. आमच्या बोर्डाला मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागली. दोन्ही वेळा यूपीएसवर. देखभालीसाठी वीज जाऊ शकते म्हणून गुरुवारी हे काम चुकूनही केलं नसतं.

कूलर काढण्याआधी दहा मिनिटं खेळ चालवला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि थंड पेस्ट घट्ट धरून ठेवते. कूलर सरळ उपटला तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट वर येऊ शकतो. पेस्ट कोमट असताना चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल केले, आणि कूलर जात्याच्या पाळीसारखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवला. तिसऱ्या फेरीला तो सुटला. २६०० जागेवरच राहिला. तोवर माझा श्वास अडकलेला.

५६०० वरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला. तो आपल्याच वजनाने आत बसला, बोट लावायचीही गरज पडली नाही. कूलर डब्यातलाच, पेस्ट आधीच लावलेली.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर प्रश्न: नवा प्रोसेसर सापडला आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्यांचा कप्पा) रीसेट करायचं का, वाय की एन. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर इथे वाय दाबल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. आमची की काल रात्रीच कागदावर उतरवून ठेवली होती. वाय दाबलं.

बायोस नवं म्हणजे सगळी सेटिंग्ज कोरी. एक्सएमपी पुन्हा लावलं, ३२०० पहिल्याच झटक्यात चाललं. व्हॅलोरंट उघडेना, विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतं, आणि सिक्युअर बूट बंद झालेलं होतं. ते चालू केलं, खेळ उघडला.

मोजमाप उद्या. आज इतक्या उशिरा घाईने आकडे घ्यायचे नव्हते.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळून झालं, फराळ झाला, मग दोघंही बसलो. पहिल्या दिवशीचंच सेव्ह, तोच रस्ता, सगळं हाय, क्राउड डेन्सिटीही हाय, १०८०पी. तीन फेऱ्या.

सरासरी ८६, १ टक्का लो ६३. कार्डाचा वापर ९७ टक्के. फ्रेमचा वेळ ११.६, जीपीयू बिझी ११.३. वहीतल्या चौकटीपासून दोन फ्रेम्स दूर.

व्हॅलोरंट २९० च्या आसपास, आणि धुराच्या पडद्यातही १४४ च्या खाली नाही. प्रोसेसरचं तापमान ७४.

राहिलेली कामं: २६०० च्या पिना भिंगाखाली तपासल्या, सगळ्या सरळ. प्लास्टिकच्या डबीत घालून आतेभावासाठी ठेवला आहे, त्याच्याकडे अजून चार कोअरचा प्रोसेसर आहे. पण त्याच्या रॅमच्या खाचा आधी बघायच्या.

धाकटा आत्ता बाजारात उभा आहे. काही खेळत नाहीये, नुसता गर्दी बघतोय.